बार्शी लाइटची धाकटी बहीण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे आवरून घेतले आहे.)



वर्धापनदिनाला बाहेरचा कोणी पाहुणा बोलवायचा, ही आपली नेहमीची पद्धत. यंदा चिटणीसबाईंना पाहुणा मिळाला नाही की त्यांनी शोधायचा कंटाळा केला, ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांनी मला उभे केले. "तुम्ही विलायतेला जाऊन आलात, तिथले काहीतरी सांगा," असे म्हणाल्या. आता विलायत पाहिलेली माणसे आपल्या प्रत्येक आळीत आहेत. तिथली दुकाने, तिथली थंडी आणि तिथले मिळमिळीत जेवण यांवर मी काय नवे सांगणार? म्हणून मी एकाच गोष्टीबद्दल बोलायचे ठरवले आहे. आपली बार्शी लाइट, आणि तिची विलायतेतली धाकटी बहीण. दोघीही आज हयात नाहीत. एकीच्या वाटेवरून माणसे अजून चालतात. दुसरीच्या वाटेवर काय आहे, ते मी शेवटी सांगणार आहे.

माझे माहेर पंढरपूर. १९६६ साली माझे लग्न झाले आणि मी या गावात आले, ती बार्शी लाइटनेच आले. पंढरपूर ते कुर्डुवाडी एक गाडी, कुर्डुवाडी ते बार्शी दुसरी. मधल्या वेळात फलाटावर ट्रंकेवर बसून दशम्या खायच्या. मोडनिंबच्या आसपास माझ्या डोळ्यांत इंजिनाच्या कोळशाचा कण गेला आणि डोळ्यांना धार लागली. नवी नवरी माहेरच्या आठवणीने रडते आहे असे वाटून सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मीही काही बोलले नाही. तो हात पुढे तीस वर्षे माझ्या पाठीवर होता, तेव्हा त्या कणाचे माझ्यावर उपकारच आहेत.

गाडी कशी होती, हे इथल्या तरुण मुलींना सांगितले तर खरे वाटत नाही. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे आपल्या पाळण्याच्या लांबीएवढे. डबा अरुंद, समोरासमोर बसले की गुडघ्याला गुडघा लागायचा आणि आपोआप ओळख व्हायची. गती अशी की चढाला पोरे खाली उतरून पळत आणि पुन्हा चढत. आषाढीला मात्र ही चेष्टा बंद. वारीच्या दिवसांत गाडीला माणसे नुसती लगडलेली असत. टपावर, पायऱ्यांवर, मालाच्या डब्यांत, जिथे बोट टेकेल तिथे वारकरी. माझी आई म्हणायची, "पांडुरंगाने ही गाडी मुद्दाम लहान केली आहे, सगळ्यांनी एकमेकांना धरून यावे म्हणून."

गाडी लहान केली होती ती पांडुरंगाने नव्हे, एका इंग्रज इंजिनियराने. त्याचे नाव एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

मुंबईहून सोलापूरकडे येणारा जी. आय. पी. कंपनीचा मोठा लोहमार्ग १८६० च्या सुमारास आपल्या भागातून गेला, पण तो बार्शीला शिवला नाही. कापसाची एवढी मोठी पेठ वीसेक मैलांवर राहिली आणि माळावर एक स्टेशन झाले. त्याला नाव दिले बार्शी रोड. तेच पुढे कुर्डुवाडी. नाव बार्शीचे आणि बार्शीला जायचे तर बैलगाडी! आमच्या आजेसासऱ्यांची अडत होती. पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्यांचे आस रुतायचे, मग रस्त्यातच कापूस भिजायचा, अशा गोष्टी त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या होत्या.

कॅल्थ्रॉप १८८२ साली जी. आय. पी.च्या नोकरीत हिंदुस्थानात आला. ही अडचण त्याच्या नजरेला आली आणि तिने त्याला पछाडले म्हटले तरी चालेल. कमी खर्चाची, लहान मापाची, पण भरपूर माल ओढणारी गाडी इथे चालवता येईल, असे त्याने मनाशी धरले. लोकांना ते पटवण्यात त्याची वर्षे गेली. शेवटी १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. डबे आणि इंजिने आगबोटीवर चढवण्याआधी विलायतेत लीड्स गावाजवळ त्यांच्यासाठी मुद्दाम रूळ टाकून त्यांची परीक्षा घेतली होती. मुलगी पाहायला येतात तशी मोठमोठी मंडळी ती पाहायला आली होती म्हणतात.

त्याची युक्ती काय होती, ती मला माझ्या जावयांनी समजावून सांगितली, आणि मी ती आपल्या भाषेत सांगते. विहिरीवरून दहा घागरी आणायच्या आहेत. एकीच्या डोक्यावर तीन आणि दुसरीच्या डोक्यावर एकही नाही असे केले, तर पहिलीची मान मोडेल. दहाजणींना एकेक दिली तर पायवाटेवरूनही सगळे पाणी घरी येते. कॅल्थ्रॉपने ठरवले की इंजिन असो, मालाचा डबा असो की माणसांचा, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात. इथले रूळ यार्डाला ३० पौंड वजनाचे होते. मोठ्या मार्गाचे याच्या दुपटीहून जड असत. रूळ हलके म्हणून पूल हलके, पूल हलके म्हणून खर्च कमी. त्याच्या इंजिनाला आठ चाके एकमेकांना जोडलेली होती, तीही भार वाटून घेण्यासाठीच. ही गोष्ट त्या वेळी इतकी नवी होती की जगभरचे लोक बार्शीचे नाव घेऊ लागले. आपल्या गावाचे नाव लंडनच्या इंजिनियरांच्या तोंडी होते, हे आपल्याला कोणी शाळेत शिकवले का? मला तरी नाही.

पुढे गाडी वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आपली छोटी गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती. सगळी मिळून २०२ मैल, आजच्या हिशेबाने ३२५ किलोमीटर. मिरजेपर्यंत गाडी पोचली त्याच वर्षी कॅल्थ्रॉप वारला. हा माणूस मोठा छांदिष्ट होता. त्याला अरबी घोड्यांचा नाद होता; आणि उतारवयात विमानातून उडी टाकणाऱ्याला वाचवणारी छत्री त्याने तयार केली. तिला नाव दिले 'गार्डियन एंजल', म्हणजे राखणदार देवदूत. पहिल्या महायुद्धात ती वापरलीही गेली.

कंपनी विलायतेतली होती, नफाही तिकडे जायचा, हे विसरून चालणार नाही. ती गाडी कापसासाठी होती, आपल्या सोयीसाठी नव्हती. १ जानेवारी १९५४ ला ती आपल्या सरकारने घेतली. पण गाडी कोणाच्या फायद्यासाठी धावते, हे तिच्यात बसणारी बाई विचारत नाही. तिला माहेर दिसते.

नंतरचे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मोठी गाडी हवी म्हणून आपण सगळ्यांनीच वर्षानुवर्षे मागणी केली, आणि ती रास्त होती. कुर्डुवाडीला छोट्या गाडीतला माल उतरवून मोठ्या गाडीत भरायचा, यात हमालांच्या पाठी मोडत आणि व्यापाऱ्यांचे दिवस मोडत. लहान रूळ काढून मोठे रूळ टाकणे सुरू झाले आणि २००८ मध्ये कुर्डुवाडी ते लातूर मोठी गाडी धावली. पुढे दोन-तीन वर्षांत पंढरपूर ते मिरजही झाले. पहिली मोठी गाडी आली तेव्हा मीही ओवाळायला गेले होते. जुन्याचा गहिवर घालत बसणारी मी नाही. कोळशाचा कण एकदा डोळ्यांत गेला तेवढा पुरे.

पण मोठी गाडी सगळीकडे जुन्या वाटेनेच गेली असे नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, जुन्या मार्गावर नव्हते. जिल्ह्याचे गाव आणि गाडी नाही, म्हणून नवा मार्ग वळवून तिकडून नेला. चांगलेच झाले. मात्र त्यामुळे पांगरीच्या पुढून येडशीकडे जाणारी जुनी वाट तशीच मागे राहिली. रूळ गेले, पण मुरमाचा बांध, दगडी मोऱ्या आणि कापून काढलेली चर राहिली. हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हते. ते कळायला मला विलायतेला जावे लागले.

माझी मुलगी मँचेस्टरजवळ राहते. २०१४ साली मी तिच्याकडे तीन महिने होते. जावयांना जुन्या आगगाड्यांची पुस्तके वाचण्याची हौस. एक दिवस ते पुस्तक हातात घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "आई, ही बार्शी म्हणजे तुमचीच ना?" पुस्तकात आपल्या गाडीचे चित्र होते आणि त्याच्या शेजारच्या पानावर तशाच आणखी एका गाडीचे. तेच अडीच फुटी माप, तोच कॅल्थ्रॉप. बार्शीची गाडी नावारूपाला आल्यावर त्याने आपल्या देशात, स्टॅफर्डशायर परगण्यात, तिच्या धर्तीवर एक गाडी बांधली होती. नाव लीक अँड मॅनिफोल्ड. लीक हे गाव आणि मॅनिफोल्ड ही नदी. तिची इंजिने पुढच्या भल्यामोठ्या दिव्यासकट अशी हिंदुस्थानी वळणाची होती, की त्या हिरव्या थंड दरीत ती अगदी पाहुणी दिसत असणार. म्हणजे विलायतेची गाडी बार्शीला आली हे अर्धेच खरे. बार्शीची गाडी विलायतेला गेली, हे उरलेले अर्धे.

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. वॉटरहाउसेस नावाच्या खेड्यापासून हल्म एंड नावाच्या त्याहून लहान खेड्यापर्यंत ही गाडी जायची. अंतर सव्वाआठ मैल, साधारण तेरा किलोमीटर. मी ते दोन रविवारी मिळून चालले. माझे गुडघे आणि माझा नातू दोघेही कुरकुरत होते, पण चालले.

वाट सपाट आणि डांबरी आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, आणि नदीला इतकी वळणे की दर थोड्या वेळाने एक पूल. गंमत म्हणजे उन्हाळ्यात ही नदी कोरडी पडते. चुन्याच्या खडकातून पाणी जमिनीखाली जाते आणि वर नुसते गोटे उरतात. इंग्लंडमध्ये कोरडी नदी पाहून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. वर डोंगरात एक प्रचंड गुहा आहे, थोर्स केव्ह म्हणतात. तिच्या पायथ्याशी एके काळी या गाडीचे एक स्टेशन होते. आमच्याबरोबर कोण कोण चालत होते ते सांगते. सायकलवरची मुले, बाबागाडी ढकलणारी एक आई, काठी घेतलेले एक आजोबा, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेली एक बाई, माझ्याच वयाची असेल. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून तिची वाट सपाट ठेवावी लागते. डोंगरात राहूनही ज्यांना डोंगर चढवत नाही, त्यांना त्या सपाटीचे मोल कळते. त्या बाईने मला हसून "गुड मॉर्निंग" म्हटले. मी तिला नमस्कार केला.

पुढे एक बोगदा लागतो, स्वेन्स्ली नावाचा, दीडशे-एक मीटर लांब. या बोगद्याची गोष्ट मात्र आपल्या मंडळाने ऐकलीच पाहिजे. तिथे सर थॉमस वॉर्डल यांचा वाडा होता. वाड्यासमोरून धूर सोडत गाडी जाताना दिसू नये म्हणून हा बोगदा खोदला असे सांगतात. हे वॉर्डल लीक गावचे रेशीम रंगवणारे कारखानदार. आपल्याकडचे टसर रेशीम नीट रंग धरत नसे. ते रंगवण्याची रीत त्यांनी बसवली, आणि रेशमाच्या अभ्यासासाठी ते १८८५ च्या सुमारास हिंदुस्थानातही येऊन गेले. त्यांची पत्नी एलिझाबेथ. या बाईंनी लीकमध्ये भरतकाम करणाऱ्या बायकांचे एक मंडळ काढले होते. फ्रान्समध्ये बायो गावी नऊशे वर्षांपूर्वीचा एक भरतकाम केलेला पट आहे, सत्तर मीटर लांब. लीकच्या पस्तीस-एक बायकांनी त्याची हुबेहूब दुसरी प्रत काढायला घेतली आणि १८८६ मध्ये, वर्षभराच्या आतबाहेर, ती पुरी केली. आज ती रीडिंग शहरातल्या संग्रहालयात आहे. प्रत्येकीने आपण केलेल्या तुकड्याखाली आपले नाव टाक्यांनी घातले आहे. आपण मंडळात एवढी गोधडी शिवतो, लोणच्याच्या बरण्या भरतो, कधी कोणी नाव घातले? यंदा घालावे, एवढीच सूचना. मूळ विषय बोगद्याचा होता.

ही धाकटी बहीण जगली मात्र थोडेच दिवस. २७ जून १९०४ ला सुरू झाली आणि मार्च १९३४ मध्ये बंद पडली. तीसही वर्षे पुरी झाली नाहीत. आपल्या गाडीला बार्शीची पेठ होती, पंढरीची वारी होती. तिला काय होते? खेडी डोंगरावर आणि स्टेशने खाली दरीत. सुटीच्या दिवशी शहरातले लोक हवा खायला येत, एरवी गाडी रिकामी. तिचा खरा आधार दूध होता. शेतकऱ्यांचे दूध या गाडीने निघायचे आणि पुढे लंडनपर्यंत जायचे. ते मोठ्या गाडीत पुन्हा भरावे लागू नये म्हणून कॅल्थ्रॉपने आणखी एक युक्ती केली होती. मोठ्या गाडीचा अख्खा डबाच छोट्या गाडीच्या खास तयार केलेल्या घोडीवर चढवायचा. धाकट्या बहिणीने थोरलीला पाठुंगळी घ्यावे तसे! ही युक्ती कुर्डुवाडीला का नाही केली, असे मला आमच्या हमालांच्या वतीने त्याला विचारावेसे वाटले. पण पुढे मोटारलॉऱ्या आल्या, रस्त्याने दूध जाऊ लागले, १९३२ मध्ये एक्टन येथली डेअरीही बंद झाली, आणि गाडीला काही कामच उरले नाही.

आता खरा मुद्दा. गाडी बंद पडली तेव्हा ती लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश या बड्या रेल्वे कंपनीच्या ताब्यात होती. कंपनीला त्या जमिनीचे काय करायचे होते? तुकडे पाडून शेजारच्या शेतकऱ्यांना विकणे सगळ्यात सोपे. तसे केले नाही. ती सबंध पट्टी कंपनीने तिथल्या जिल्हा कौन्सिलच्या हवाली केली. रूळ उचलले, वाट केली, आणि जुलै १९३७ मध्ये ती चालणाऱ्यांसाठी खुली झाली. गाडी थांबल्याला साडेतीन वर्षेसुद्धा झाली नव्हती. जुन्या लोहमार्गाची पायवाट करण्याची कल्पना तेव्हा जगात कुठे फारशी नव्हती. आज ती पुष्कळ देशांत दिसते. जी वाट गाडीच्या उपयोगी तीस वर्षेही पडली नाही, ती पायांच्या उपयोगी मी गेले तेव्हा सत्त्याहत्तर वर्षे पडत होती.

सगळेच छान होते असे मी म्हणणार नाही. मधल्या दीड-दोन मैलांच्या पट्ट्यावर नंतर मोटारी सोडल्या आहेत. त्या बोगद्यातून मोटार आली की आपण भिंतीला चिकटून उभे राहायचे. आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी जावयांचे बोलणे झाले, तो म्हणाला की वाट चांगली आहे, पण वाटेवरून दूध जात नाही. त्याचे म्हणणे मला पटले. पायवाट म्हणजे गाडी नव्हे, आणि फिरायला येणाऱ्यांच्या चहावर खेडे चालत नाही. तरीपण हल्म एंडला जुन्या तिकीटघरात आता माहितीचे दालन आहे, स्टेशनचा छोटा नमुना मांडला आहे, आणि इंजिन ठेवायच्या जागी चहाचे दुकान आहे. चहा करणाऱ्या मुलीला मी सांगितले की या गाडीची थोरली बहीण माझ्या गावची. जावयांनी ते इंग्रजीत सांगितले. ती म्हणाली, "मग तिच्या वाटेवर तुम्ही काय केले आहे?"

मला उत्तर देता आले नाही. मी चहात साखर ढवळत बसले.

परत आल्यावर मी पुतण्याला घेऊन पांगरीच्या पुढे गेले. जुनी वाट दाखवणारा एक मेंढपाळ भेटला. बांध कुठे कुठे स्वच्छ उभा आहे, वर उभे राहिले की लांबवर डोंगराची कड दिसते. कुठे बाभळींनी वाट अडवली आहे. एके ठिकाणी मोरीचे दगड इतके घट्ट बसले आहेत की फटीत नख जाणार नाही. दुसऱ्या ठिकाणी बांधच नाही. मुरूम कोणी तरी नेला आहे आणि नांगर आरपार गेला आहे. ज्याने नेला त्याला मी दोष देत नाही. पडून राहिलेल्या वस्तूला आपण सगळेच हात लावतो. पण सव्वाआठ मैलांच्या त्या वाटेवर मला एक गोष्ट कळली होती, ती इथे डोळ्यांना दिसली. अशी जमीन अखंड आहे तोवरच तिला किंमत आहे. ती दोराच्या जातीची आहे. शेतजमिनीचा तुकडा काढून घेतला तरी उरलेली जमीन पिकते. दोर मधे कापला तर दोन्ही बाजूंच्या तुकड्यांनी पाणी शेंदता येत नाही.

तिथे काय व्हावे, याबद्दल माझे स्वप्न फार मोठे नाही. येडशीच्या बाजूला रामलिंगचा डोंगर आहे, झाडी आहे, श्रावणात लोक दर्शनाला जातात. वाट सपाट असल्यामुळे म्हाताऱ्यांना चालता येईल. शाळेच्या मुलींना सायकलने जाता येईल, मोटारींच्या रस्त्याला न लागता. अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. जमीन आपली नाही, ती कोणाकोणाच्या नावे आहे ते आधी पाहावे लागेल. पुढे अभयारण्याची हद्द लागते; तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय झुडूपसुद्धा तोडता येणार नाही आणि तोडूही नये. काही ठिकाणी लोकांचे संसार उभे राहिले असतील, त्यांना हलवून मला पायवाट नको. आणि आपल्या मंडळाच्या शिलकेत किती पैसे आहेत, ते खजिनदारबाईंनी आत्ताच वाचून दाखवले आहे. तुम्ही हसलात ते मी ऐकले.

म्हणून मी पैसे मागत नाही. आपली वार्षिक सहल हुरड्याच्या दिवसांत निघते. दरवर्षी तेच शेत, तीच शेकोटी, तेच गूळ-खोबरे. यंदा हुरडा पांगरीकडे खावा, आणि त्याआधी सकाळी उन्हे चढायच्या आत जुन्या वाटेने जेवढे जमेल तेवढे चालावे. बरोबर एक वही घ्यायची. वाट कुठे अखंड आहे, कुठे तुटली आहे, मोऱ्या किती, त्यांतल्या धड किती, एवढेच लिहायचे. ज्यांच्या सासऱ्यांनी किंवा वडिलांनी बार्शी लाइटवर नोकरी केली, त्यांनी घरात जुने फोटो, कंदील, शिट्टी, तिकिटे जे असेल ते शोधून ठेवावे. ते आणून दाखवावे, मंडळाला देऊन टाकायची गरज नाही. वही पुरी झाली की तिच्या प्रती करून जिथे द्यायच्या तिथे देऊ. कोणत्या कचेरीत आधी जायचे याचा विचार वकिलीण वहिनींनी करावा, त्यांना सवय आहे.

नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. चपला घालून येऊ नये, बाभळीचा काटा आरपार जातो. बूट असतील तर बूट, नाहीतर नातवाचे मागून आणावेत. पाण्याची बाटली प्रत्येकीने आपली आणायची. गाडी सकाळी साडेसहाला भगवंताच्या देवळापासून सुटेल, आणि ती बार्शी लाइट नसल्यामुळे वेळेवर सुटेल.